बिनचंद्राची भरती

आमच्या घरात देव नाहीत, पण तिथ्यांचं कॅलेंडर आहे. आम्ही बौद्ध माणसं. पणजोबा कधीकाळी पलटणीबरोबर महूच्या छावणीत राहून गेले, एवढंच आमचं माळव्याशी जुनं नातं. बाकी सगळं गोत रत्नागिरीकडे, एका खाडीच्या तोंडाशी. आई तिथे प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. तिने कधी उपास धरला नाही की मुहूर्त पाहिला नाही. तरी सकाळी उठली की चहाच्याही आधी ती कॅलेंडरपुढे उभी राहते, तिथी बघते आणि ओठ हलवते. बघणाऱ्याला वाटतं जप चाललाय. जप नव्हे, पाढा. पाऊणकी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता पाणी भरणार, अष्टमीला सहाला. आमच्या किनाऱ्यावर हे शेंबड्या पोरालाही येतं, आणि ज्याला येत नसे त्याला आईच्या वर्गात ते येईपर्यंत उभं राहावं लागे.

कॉलेजात असताना, चळवळीचं वारं अंगात नवीन होतं तेव्हा, मी तिला ठणकावून विचारलं होतं, "आपल्या घरात पंचांगाचं काय काम?"

ती गळाला कोळंबी टोचत होती. मान वर न करता म्हणाली, "चंद्र काय पंचांगवाल्यांच्या बापाचा आहे?"

वाद संपला. पुढे मी संघटनेत आले, पत्रकं लिहायला शिकले, पण इतकं नेमकं वाक्य मला अजून जमलेलं नाही.

शाळा सुटली की आई खडपावर जायची. खडप म्हणजे समुद्रात घुसलेला काळा खडक. तिच्याकडे काठी नाही, चकचकीत रीळ नाही. एक नायलॉनचा दोर, टोकाला शिशाचं वजन आणि गळ. याला आम्ही गरी म्हणतो आणि त्या कामाला गरवणं. तिची गरी शाळेतल्या एका जुन्या डस्टरच्या लाकडावर गुंडाळलेली असते. फळा पुसायची लोकर कधीच झडून गेली, लाकूड उरलं. बायकांनी जाळ्यातले मासे विकायचे, शिंपल्या काढायच्या, खेकडे धरायचे, हे सगळ्यांना चालतं. बाईने पाण्याकडे तोंड करून एकटीने नुसतं बसायचं, हे मात्र गावाला बरीच वर्षं पचलं नव्हतं. आईने पचवायला लावलं.

मग बाबा गेले. आणि त्यानंतरच्या एका पावसाळ्याच्या तोंडाशी आई खडपावर चक्कर येऊन पडली. पाणी चढत होतं. शिंपल्या काढून परतणाऱ्या बायकांनी तिला ओढून बाहेर काढलं नसतं, तर मी आज हे लिहायला बसले नसते. मला फोन आला तेव्हा मी इंदूरला एका मोर्चाच्या तयारीत होते. मी गेले आणि तिला घेऊन आले. तिला विचारलं का? विचारलं. ती नको म्हणाली. तरी घेऊन आले.

इंदूरला माझी संघटना आहे. तुकोगंजात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची दीड खोली, तिथून आम्ही नर्मदेकाठच्या मासेमार कुटुंबांचं काम करतो. राहायला मात्र आईसाठी राजेंद्र नगर शोधलं, कारण तिथे मराठी बोलणारी माणसं भेटतात. मराठी बोलणारी माणसं भेटली आणि मराठीतच विचारू लागली, "पूर्ण नाव काय? आडनाव? मूळ कुठले? नॉनव्हेज तर नाही ना बनवत?" ज्या देशात माणसाला छप्पर मिळणार की नाही हे त्याच्या कढईचा वास ठरवतो, त्या देशाने स्वच्छतेची बक्षिसं मिरवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी घरमालकीणबाईंना तोंडावर सांगणार होते. आईने माझा दंड दाबला. "मासे नाही शिजवणार," ती म्हणाली. खोली मिळाली.

घरमालकीण खालच्या मजल्यावर राहते. तीन पिढ्यांची इंदुरी मराठी बाई, मनाने वाईट नाही. दुसऱ्याच दिवशी पोहे घेऊन वर आली, कॅलेंडरपुढे पुटपुटणाऱ्या आईला पाहून दारातच थबकली. नंतर मला जिन्यात गाठून म्हणाली, "अगं, आंटीजी तर खूपच धार्मिक आहेत! एकदम शांतीने पूजा-पाठ करतात. मला तर लई अच्छा वाटला."

मी आईला सांगितलं. आई हसली नाही. म्हणाली, "आज पावणेसातला भरती."

मला ते तेव्हा कळलं. ती इंदूरला आलीच नव्हती. ती समुद्राच्या वेळेवर जेवत होती, समुद्राच्या वेळेवर पडत होती. भरती लागली की खिडकीत जाऊन बसायची. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. गरी तिने डस्टरसकट पिशवीत बांधून फ्रिजवर ठेवली होती, आणि पिशवीची गाठ सुटत नव्हती.

"दिवाळीच्या सुट्टीत मुंबईची माणसं गावी जातील," एकदा तिने भात कालवता कालवता सांगितलं. "त्यांच्या सोबतीने जाईन मी."

"आणि तिथे एकटी राहशील?"

"खडप आहे."

"त्याच खडपावर पडलीस, आई."

"पडले ना? मग? तुझ्या सभेत दगड पडला होता तेव्हा मी तुला घरी बसवली का?"

म्हणजे दिवाळीपर्यंत मला आईसाठी पाणी शोधायचं होतं. नाहीतर ती त्या खडकावर परत जाणार होती आणि या वेळी शिंपल्यावाल्या बायका तिथे असतीलच याची हमी नव्हती.

आधी मी सोपा उपाय केला. शहराच्या कडेला एक तलाव आहे. छान तलाव, पाखरं, कठडे, भेळेची गाडी. आईने चतुर्थी बघितली, तीन वाजताची भरती धरली आणि आम्ही बरोबर अडीचला तिथे हजर. समुद्रापासून शेकडो मैल आत, डबक्यासारख्या शांत पाण्यावर माझी गणितवाली आई भरतीची वाट बघत बसली! ती स्वतःच पाण्याकडे बराच वेळ बघत राहिली, कठड्यावरच्या शेवाळाची रेघ बोटाने चाचपली. रेघ एकच होती. आमच्याकडे खडकावर अशा रेघांची उतरंड असते, कुठवर पाणी येतं, कुठवर उधाण. इथे एकच, इस्त्री केल्यासारखी.

"हे श्वास घेत नाही गो," ती म्हणाली.

तरी तिने गाठ सोडली. दोर भिरकावला. वजन टप्प करून बुडालं आणि त्याच क्षणी मागून शिट्टी वाजली. गणवेशातला रखवालदार धावत आला. "ओ माताजी! ये क्या कर रहे हो? मछली का ठेका है यहाँ. निकालो, निकालो."

झालं. मला जे हवं असतं तेच मिळालं होतं. तलाव कोणाचा, पाणी कोणाचं, म्हाताऱ्या बाईच्या एका गळाने ठेकेदाराचं काय बुडतं, असं माझं भाषण सुरू झालं. चार माणसं जमली, एकाने मोबाइल काढला. एक जण म्हणाला, "भिया, दीदी सही तो बोल रही हैं." रखवालदार बिचारा घामाघूम. मी रंगात आले होते, आणि वळून बघते तर आई कठड्यापाशी नव्हती. ती फाटकाबाहेर रिक्षात जाऊन बसली होती, मांडीवर डस्टर, दोर नीट गुंडाळलेला.

"यावर पत्रक काढते मी," मी रिक्षात बसता बसता म्हटलं.

"काढ हो. पण त्याला उगाच बोललीस. विचारायला आपण हवं होतं. दुसऱ्याच्या खडपावर न विचारता बसलो आपण."

आमच्या किनाऱ्याची ही रीत आहे, लिहिलेली कुठेच नाही. प्रत्येक खडपाला रोज बसणारं माणूस असतं. नवख्याने आधी विचारायचं, इथे कोण बसतं? आणि तिथे जो पहिला मासा लागेल तो त्या माणसाचा. ठेका आणि रीत यांच्यात काय फरक आहे यावर मी आईला रिक्षाभर व्याख्यान दिलं. ती खिडकीतून टाकी बघावी तशी रस्ता बघत होती. घरी येऊन तिने पिशवी पुन्हा फ्रिजवर टाकली. या वेळी दोन गाठी.

त्यानंतर ती मुंबईला फोन करू लागली. कोण कधी निघणार, कुठल्या गाडीने.

त्याच दिवसांत मी कामासाठी नर्मदेवर गेले. सिमरोलच्या पुढे घाट उतरून, बडवाहच्या पलीकडच्या एका छोट्या गावात मासेमार बायकांची बैठक होती. वरच्या अंगाला धरण आहे. माझ्या पिशवीत आमचं ताजं पत्रक होतं, लाल शाईत, मथळा मीच दिलेला: "नदी का गला छोड़ो". सकाळी आम्ही घाटाच्या ज्या पायऱ्यांवर बसलो होतो, संध्याकाळी निघताना त्या पायऱ्या दिसेनात. पाण्याखाली. पाऊस नव्हता, काही नव्हतं.

मी बैठकीतल्या एका बाईला विचारलं. पन्नाशीची असेल, तोंडात तंबाखू, आवाज असा की पैलतीराला ऐकू जावा. ती म्हणाली, "अरे दीदी, शाम को टरबाइन चलाते हैं ना. शहर में बत्ती लगती है तो इधर पानी चढ़ता है. फिर उतर जाता है. रोज का है."

माझं डोकं सणकलं. बसमध्ये बसून मी परतीच्या सगळ्या वाटेवर पुढच्या पत्रकाचा मजकूर मनात जुळवत होते. नदी म्हणजे काय बटण आहे? काठावरच्या माणसाला एका शब्दाने न विचारता तिला चढवायची, उतरवायची? घरी पोचले तेव्हा मजकूर तयार होता आणि आई जेवायला थांबली होती. मी हात धुता धुताच तिला ऐकवायला सुरुवात केली. संताप मला एकटीला ठेवून घेता येत नाही.

"...आणि रोज संध्याकाळी, आई, दहा-बारा पायऱ्या! सकाळी कोरड्या, संध्याकाळी पाण्यात. आणि पहाटेपर्यंत परत खाली. रोज!"

आईचा घास हातातच राहिला.

"चढतं?"

"हो ना!"

"आणि उतरतं?"

"तेच तर सांगतेय. माणसांनी करायचं काय? कपडे धुणाऱ्या बायका—"

"रोज?"

मी थांबले. आईच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. पोरं वर्गात आल्यावर फळ्याकडे वळायच्या आधी तिचा चेहरा असा व्हायचा.

"कुठल्या तिथीला किती वाजता, विचारलंस का?"

"आई, तिथीचा संबंध नाही. विजेचा आहे."

"असं कसं? चढतं-उतरतं म्हणजे चंद्र आलाच," ती ठामपणे म्हणाली आणि कॅलेंडरकडे बघायला उठली, उष्ट्या हाताने.

रविवारी आम्ही निघालो. आदल्या सकाळी खालून किंकाळी ऐकू आली, "अहो आंटीजी! माझ्या मोगऱ्याची कुंडी का उकरून राहिल्या?" आई गांडुळं शोधत होती. नदीत कोळंबी चालणार नाही एवढा तिने अंदाज बांधला होता. "माती मोकळी करते हो," ती गोड आवाजात म्हणाली, "मूळ दबलंय." घरमालकीण इतकी विरघळली की तिने बाकीच्या कुंड्याही पुढे केल्या. शुद्ध शाकाहारी घरातली गांडुळं आईने ओल्या मातीत घालून डब्यात भरली आणि डबा माझ्याच उरलेल्या पत्रकांत गुंडाळला. वर लाल अक्षरात दिसत होतं, "गला छोड़ो".

षष्ठी होती. षष्ठीची पाऊणपट साडेचार. आई साडेचारला घाटाच्या टोकाला, खडकांच्या ओळीपाशी पोचलीच पाहिजे म्हणून आम्ही बसस्टँडपासून जवळजवळ पळत गेलो. मी तिचा हात धरला होता, ती तो झटकत होती. तंबाखूवाली बाई खाली जाळं झटकत उभी होती. आईने आधी तिच्यासमोर जाऊन हिंदीत, म्हणजे तिला जी हिंदी वाटते त्या भाषेत, विचारलं, "इधर कौन बैठता है?"

बाईने तिला खालून वर पाहिलं. नऊवारी नाही, सहावारी सुती साडी, चष्मा, हातात डस्टर.

"मैं बैठती हूँ."

"मैं बैठूँ?"

"बैठो ना, माताजी. नदी क्या मेरे बाप की है?"

आई माझ्याकडे वळली. "बघ," एवढंच म्हणाली.

साडेचार वाजले. पाणी जिथल्या तिथे. आईने खडकावरची ओल पाहिली, मान हलवली, घड्याळ पाहिलं. पाच वाजले. पाणी उलट खाली गेल्यासारखं. आईने दोर टाकला होता, पण तिचं लक्ष दोरावर नव्हतं. तिचा पाढा चुकला होता. मला तिचे ओठ दिसत होते. साहा पाऊणे साडेचार. साहा पाऊणे साडेचार. ती आता उठेल, दोर गुंडाळेल, आणि दिवाळीची गाडी पकडेल.

बाईला गंमत वाटत होती. "किसकी राह देख रही हो, माताजी?"

"पानी की. चंद्र के हिसाब से अब आना चाहिए."

ती बाई हसली, असं हसली की पलीकडच्या नावेतला माणूस वळला. "चाँद को यहाँ कौन पूछता है! अभी भोंगा बजेगा. भोंगा सुनो, फिर देखो."

आईने दोर वर घेतला. मला वाटलं, संपलं. पण तिने गांडूळ काढून गळ नीट लाकडात खोचला, डस्टर मांडीवर ठेवलं, चष्मा पुसला आणि हात बांधून बसली. नवीन मास्तरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसतात तशी.

सूर्य पैलतीराच्या झाडांमागे गेला. वरून, फार लांबून, भोंगा ऐकू आला. एकदा. परत एकदा. धुणं धुणाऱ्या बायकांनी बादल्या उचलल्या. एका म्हाताऱ्याने बकऱ्या वर हाकल्या. मग काहीच झालं नाही. इतकं काहीच झालं नाही की मी बोलायला तोंड उघडलं.

"चूप," आई म्हणाली.

मी ऐकलं, मग. पाण्याचा आवाज बदलला होता. आधी खडकांच्या फटीत तो चुळबुळत होता, तो बंद झाला आणि त्या जागी एक जाड, सलग गुणगुण आली, जशी मोठ्या जमावाची दुरून येते. मोर्चांमुळे तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. समोरच्या खडकाच्या फटीतून मुंग्यांची ओळ बाहेर पडली आणि वर चढू लागली, तोंडात पांढरी अंडी. त्यांच्यामागे कोळी. त्यांच्यामागे पाणी. लाट नाही, उसळी नाही. एक चपटी, चकाकती जीभ खडकावर आली, थांबली, मागे न जाता पुढे सरकली. कोरडा दगड काळा झाला. वास आला, ओल्या गाळाचा, वाळलेल्या शेवाळाला परत जीव आल्याचा. खाडीचा वास! मीठ नसलेला, पण तोच.

आई उभी राहिली होती. तिचे दोन्ही हात तोंडावर होते.

"भरली गो," ती हातांच्या आडून म्हणाली. "चंद्राशिवाय भरली!"

मी त्या धरणाविरुद्ध किती पत्रकं लिहिली आहेत! आजही लिहीन, उद्याही लिहीन, एक शब्द मागे घेणार नाही. आणि त्या संध्याकाळी त्याच धरणाचं पाणी माझ्या चपला भिजवत वर चढत होतं आणि माझ्या अंगावर काटा होता. भीतीचा नाही. या दोन्ही गोष्टी एका पत्रकात बसत नाहीत. म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

"सरक मागे," आईने हुकूम सोडला. आता ती ती होती. गांडूळ टोचलं, दोर डोक्यावरून एकदा फिरवला आणि सोडला, पुढे खोल पाण्यात नाही, अगदी जवळ, नुकत्याच बुडालेल्या पायरीवर.

"इतना पास?" बाईने विचारलं.

"नवीन पाणी जिथे चढतं तिथे मासा खायला येतो," आई मराठीतच म्हणाली, आणि बाईने मान डोलावली, जणू हे तिच्याच भाषेत सांगितलं होतं. मग बाईने हात लांब करून आईचा दोर थोडा डावीकडे सरकवला. "उधर पत्थर है. अटकेगा." आईने सरकवू दिला.

दोर आईच्या तर्जनीवरून जात होता, फक्त टेकलेला, बांधलेला नाही. बोट जरा वर. लहानपणी मी त्या बोटाकडे तासन् तास बघत बसायचे. आजारी माणसाची नाडी बघणाऱ्याचं बोट असतं तसं. अंधारू लागलं होतं, पलीकडच्या गावातले दिवे एकेक करून लागले आणि पाण्यात त्यांच्या रेघा पडल्या. त्या दिव्यांनीच हे पाणी बोलावलं होतं. इंदूरचे दिवे, कारखाने, आमच्या जिन्यातला बल्ब, फ्रिज, ज्याच्यावर ही गरी आजवर बांधून पडली होती तो फ्रिज.

बोट खाली गेलं. आईने झटका दिला नाही. वाट पाहिली. बोट दुसऱ्यांदा गेलं आणि तिचा सगळा हात मागे आला. दोर ताणला, पाण्यावर तिरपी रेघ ओढत उजवीकडे गेला, परत आला. माझी आई, चक्कर येऊन पडलेली, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी माझी आई, पाय रोवून दोर ओढत होती आणि माशाला शिव्या घालत होती. वर्गात कधी उच्चारल्या नसतील अशा.

मिशीवाला मासा होता, करडा, गुळगुळीत, हातभर. पाठीवर आणि कल्ल्यांपाशी काटे. मी धरायला पुढे झाले तर दोघी एकदम ओरडल्या, एक मराठीत, एक हिंदीत. काटा लागला तर हात सुजतो. आईने त्याला मागून, काट्यांच्या खाली बोटं घालून उचललं. एकदाही चाचपडली नाही.

"हा तर आपला शिंगाळा," ती म्हणाली. "गोड्या पाण्यात काय करतोस रे इथे?"

गळ काढून तिने तो दोन्ही हातांनी बाईपुढे धरला. बाई गोंधळली. "अरे, तुम्हारी है. रखो."

"नहीं. पहला तुम्हारा."

मी रीत समजावून सांगितली. बाई तंबाखू थुंकून म्हणाली, "तो खाना भी मेरे यहाँ खाओगी. ये कोई बात हुई?" आणि तिथेच, काठावरच्या झोपडीपुढे, तिखटजाळ रस्सा झाला. आईने तीन वेळा मागून घेतला. एवढ्या महिन्यांनी तिच्या ताटात मासा होता, आणि कोणाच्या अटीचं उल्लंघन नव्हतं.

परतीच्या बसमध्ये ती एकदाच बोलली. "आपल्या नळाला हेच पाणी येतं का गो?"

"हो. नर्मदेचंच. पंपाने वर चढवतात."

घरी पोचल्यावर तिने दिवा लावायच्या आधी मोरीतला नळ सोडला आणि त्याखाली हात धरून उभी राहिली. पाणी वाया घालवू नये यावर मी एरवी बरंच बोलते.

दुसऱ्या सकाळी ती नेहमीसारखी कॅलेंडरपुढे. पण ओठ हलत नव्हते. बोट तारखांवरून फिरत होतं.

"सांवेर रोडचे कारखाने कुठल्या वारी बंद असतात?"

"का?"

"सांग ना. आणि शेतकरी गव्हाला पाणी कधी सोडतात इकडे? पंप चालत असतील ना सगळ्यांचे? थंडीत गीझर?" ती पेन्सिल घेऊन कॅलेंडरच्या कोपऱ्यात खुणा करत होती. "काल रविवार होता. कारखाने बंद. म्हणजे काल कमीच चढलं असणार. मंगळवार-बुधवार बघायला पाहिजे."

मला वीज कशी असते ते थोडंफार माहीत आहे. मी म्हटलं, "आई, एका शहराची वीज अशी एका नदीतून येत नाही. सगळं जाळं एक असतं. तुझा हिशेब जुळायचा नाही."

"चंद्र तरी कुठे आपल्या एकट्या खाडीचा होता?" ती म्हणाली. "जुळवला ना?"

तिचा मुंबईचा फोन त्याच दुपारी आला. गाडी ठरली होती, सोबत ठरली होती, दिवाळीच्या आदल्या दिवशी निघायचं. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते आणि सुरी थांबली होती. आई बाहेर बोलत होती.

"नाही गो, यंदा नाही जमणार. काम आहे मला... अगो, दिवाळीला! दिवाळीला अख्खं शहर दिवे लावणार इथे. केवढं पाणी चढेल, अंदाज आहे का तुला?... आणि अमावास्या. तिकडेही उधाणच असेल तेव्हा." मग थोडं थांबून, हळू आवाजात, "माझ्या खडपावर कोण बसतंय सध्या? ...बसू दे. सांग त्याला, माझ्या वाटचा पहिला मासा तुला द्यायचा."

दिवाळीच्या दिवशी बसला फारशी माणसं नव्हती. आईने फ्रिजवरची पिशवी काढली. गाठ एकच होती, सरफास. खाली घरमालकीण दारात पणत्या मांडत होती. तिने विचारलं, "आंटीजी, आज सणाच्या दिवशी कुठे?"

"नर्मदेवर," आई म्हणाली.

"वा! दर्शनाला?"

"हो," आई म्हणाली. खोटं नव्हतंच ते. जाता जाता तिने वळून सगळ्या अंगणावरून नजर फिरवली. "पणत्या कशाला? लाइटची माळ लावा की. भरपूर लावा. गच्चीवरसुद्धा."